क-सातची माघार

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींची टिंगल करणारी बाई. नेकनूरची, समाजकार्यात पीएचडी करणारी, पुराव्याशिवाय आईच्या डोकेदुखीवरही विश्वास न ठेवणारी. तरी लिहितेय, कारण महिना झाला, एका जागी धड बसवत नाही.

माझा विषय कच्चे कैदी आणि त्यांचे घरचे. बीडच्या कारागृहात जायची लेखी परवानगी मिळवतानाच चपला झिजल्या. नियम कडक... मोबाईल गेटवर ठेवायचा, कैद्याचं नाव लिहायचं नाही, फक्त क्रमांक. आणि कैदी कधीही, कारण न सांगता, माघार घेऊ शकतो. मग त्याचे कागद त्याच्यासमोर फाडायचे.

क-सात आष्टीकडचा ऊसतोड कामगार. आईला वाटतं, पोरगा कर्नाटकात तोडीला गेलाय. जेलच्या फोनवरून तो तिला सांगायचा, "आज फडात लई चिखल हाय, माय." ऐकताना माझे डोळे भरून आले. आणि खरं सांगते, त्याच क्षणी मनात आलं – चला, प्रबंधाचं एक प्रकरण तयार झालं!

पुढच्या खेपेला तो म्हणाला, "म्याडम, माझं लिवलेलं फाडून टाका."

"अहो, पण नाव कुठंय त्यात?"

"नाव न्हाई, गोष्ट तर माझीच हाय ना? गावात कुणीबी वळखंल. बहिणीचं लगीन जमलंय, ते मोडंल."

"बघते," म्हणाले आणि कागद घरी कपाटात ठेवले. नाव नाही, गाव नाही, कोण ओळखतंय? असं स्वतःला समजावत राहिले, पण जेवण गोड लागेना. शेवटी शुक्रवारी सकाळच्या एसटीनं बीड गाठलं. म्हटलं, त्याची समजूत काढू.

मला बघून तो हसला. "आज परत कशापायी आलात? काल फाडलं की माझ्यासमोर."

"काल? मी आलेच नव्हते."

"आल्ता की! बारीक बारीक तुकडे केले. वर माझी माफी मागितली तुमी."

मी शेजारच्या शिपाईमामांकडे पाहिलं. ते वैतागले. "म्याडम, मीच हितं बसलो होतो. तुकडे मीच टोपलीत टाकले."

गेटवरचं रजिस्टर बघितलं. गुरुवार. माझं नाव, माझीच सही. गुरुवारी मी दिवसभर घरी आईसोबत ज्वारी निवडत होते.

तशीच घरी पळाले. कपाट उघडलं... कागद जसेच्या तसे! मग मात्र फाडले. गाइडना सांगितलं, एक प्रकरण कमी होईल.

त्या गुरुवारी तिथं कोण गेलं होतं, मला आजही कळलेलं नाही. आईला विचारलं, ती म्हणते तू ज्वारीपुढून उठलीसुद्धा नव्हतीस. त्याची माफी मी अजून मागितलेली नाही. कुठल्या तोंडानं मागू? त्याच्या लेखी माझी ती मागून झालीय.