कार्ड साहेबांचं, झडती माझी

"पोलकं सोड," वत्सलामावशी म्हणली. बंगल्याच्या न्हाणीत आमी दोघीच. दाराबाहेर बाईसाहेब उभ्या, आत काय निघतंय ते ऐकत.

वत्सलामावशी माझ्याच गल्लीतली. तिनंच मला ह्या बंगल्यावर लावलेलं. ती सैपाकाला, मी भांडी-फरशीला. रोज बारामतीच्या त्या कॉलनीत आमी संगं चालत यायचो. आज तिचा हात माझ्या काखंत फिरत व्हता आणि ती माझ्याकडं बघत नव्हती. मी भिंतीकडं तोंड केलं.

साहेबांचं क्रेडिट कार्ड गेलं व्हतं. नव्वद सालानंतरची गोष्ट, असलं कार्ड मी कधी बघितलंच नव्हतं. मला वाटलं, कामावरचं ओळखपत्र आसंल. साधेपणानं इचारलं, "फोटू हाय का त्याच्यावर?"

झालं. बाईसाहेब म्हणल्या, "बघा, कार्डाची चौकशी करतेय. हिला माहितीय."

मग त्यांनी देवघरातनं भंडाऱ्याची ताटली आणली. "तुमच्या लोकांत भंडारा उचलून शपथ घेतात ना? उचल."

खंडोबाची हळद ती. खोट्यानं उचलली तर घर बसतं म्हणत्यात. माझा बाप सुप्याकडं मेंढरं राखायचा, त्याच्यापुढं लोकांची भांडणं मिटवायला यायची. आमच्यात आळ घेणारा आधी भंडारा उचलतो, मग ज्याच्यावर आळ हाय त्यो. मी म्हणलं, "बाईसाहेब, आधी तुमी उचला. हिनंच चोरलं म्हणा. मग मी उचलते."

त्यांनी ताटली खाली ठेवली. "वत्सला, हिला आत ने."

मी न्हाणीत व्हते तवाच बाहेर बाईसाहेबांची थोरली लेक साहेबांना म्हणत व्हती, "पप्पा, आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करा. सकाळपासून सांगतेय."

"थांब. आधी हिचं बघू."

मी बाहेर आले. माझ्याकडं काय घावलं न्हाय, तवा फोन झाला. बँकेनं सांगितलं, आज सकाळीच पुण्यात कुणीतरी त्या कार्डावर कापडं घेतली. साहेब आदल्या दिशी पुण्यालाच गेलते. तितंच कुणीतरी खिसा मारला आसंल.

 मी उभी ऱ्हायले. पाया पडा म्हणत नव्हते मी. हिनं घेतलं न्हाय, एवढं तरी कुणी म्हणावं. बाईसाहेब म्हणल्या, "चल, भांडी पडलीत."

"न्हाय," मी म्हणलं. चपला घातल्या. वत्सलामावशी कणीक मळत ऱ्हायली. त्या रस्त्यानं पहिल्यांदाच एकटी आले.

नवरा म्हणला, "झडतीनं अंगाला भोकं पडली का?" सासू म्हणली, "मोठ्यांच्या दारात असं चालायचंच. उद्या गुमान जा." नळावर गेले की बाया बोलायच्या थांबायच्या. चोर पुण्यात, आळ माझ्या दारात. ज्याच्यापुढं रडावं असं एक माणूस नव्हतं मला. चुलीपुढं बसून रडले, आणि रडता रडता मला माझाच राग आला. न्हाणीत भिंतीकडं तोंड का केलं मी?

त्या बंगल्याची पायरी परत चढले न्हाय. उसात खुरपायला गेले, मग दुसऱ्या घरी भांड्याला. जाईन तितं पहिल्याच दिशी सांगते: काय गेलं तर बँकेला फोन करा, पोलिसात जा, मला तोंडावर इचारा. पण माझ्या पोलक्याला हात लागला तर त्यो हात मी धरणार. साहेबाचा आसू दे, न्हायतर माझ्या गल्लीतला.