खालच्या खणातली कुपी

हॉस्पिटलात तिला सगळे वाफबाई म्हणत. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, कापडं जिथे वाफेवर निर्जंतुक होतात, त्या तळमजल्यावरच्या खोलीत तिची एकोणीस वर्षं गेली होती. ऑटोक्लेव्ह म्हणजे त्या वाफेच्या मशीनच्या नुसत्या आवाजावरून दाब किती चढलाय ते ती सांगायची. घरी ती थोरली सून. दोन्हीकडे तिचा शब्द म्हणजे शब्द होता. म्हणजे धाकटी येईपर्यंत होता.

धाकटी ही तिच्या दिराची बायको. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी, गोड बोलणं, आणि वर दिसायलाही देखणी. देवानं द्यावं तरी किती एकीला! एवढं कमी होतं म्हणून की काय, वर्षापूर्वी ती त्याच हॉस्पिटलात, त्याच खोलीत कामाला लागली. आणि लावली कोणी? थोरलीनंच. सासूबाई मागे लागल्या होत्या, "अगं, तुझं वजन आहे तिथे, एक शब्द टाक की." तिनं टाकला. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय.

एकदा जेवताना धाकटी सगळ्यांना जंतूंची गोष्ट सांगायला लागली. "एकाचे दोन, दोनाचे चार. पोषण मिळालं तर वीस मिनिटांत दुप्पट. आई कुठली, लेक कुठली, काही नाही. दोन्ही सारखेच. पण खायला संपलं की काही जाती फार हुशारी करतात. पेशी आतल्या आत एक बीजाणू बनवते, त्याला जाड कवचं चढवते. मग बाहेरची पेशी फुटून जाते, बीजाणू तेवढा उरतो. खाणं नाही, पिणं नाही, वर्षानुवर्षं नुसता पडून. उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. ओल आणि अन्न मिळालं की उठतो, पुन्हा एकाचे दोन सुरू."

"म्हणजे तुमच्या सासऱ्यांसारखं," सासूबाई म्हणाल्या. "दिवसभर पडून. ताट वाढलं की जागे!"

सगळे खो खो हसले. थोरलीचा मात्र तिळपापड झाला. एकोणीस वर्षं हे जंतू मारतंय कोण? मी! कुणी एकदा तरी विचारलं का, बाई, तू मारतेस ते असतं तरी काय? विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं, ही गोष्ट वेगळी. पण विचारायला काय जात होतं?

त्यातच खोलीच्या इनचार्ज निवृत्त झाल्या. जागा कुणाला द्यायची ते मेट्रन शुक्रवारी ठरवणार होत्या. उमेदवार दोनच, आणि दोघी एकाच घरातल्या. ती खुर्ची थोरलीनं मनात केव्हाच आपली केली होती. धाकटीला जिच्यापुढे ताई म्हणत उभं राहावं लागतं, तिनं त्याच धाकटीकडे रजेचा अर्ज द्यायचा? त्यापेक्षा नोकरी सोडलेली बरी.

सोमवारी थोरलीचा पाय सुजला म्हणून ती घरी राहिली. दर सोमवारी मशीनची परीक्षा असायची. बीजाणूंची एक छोटी कुपी सामानाबरोबर आत ठेवायची आणि नंतर चोवीस तास उबेत ठेवायची. जांभळीच राहिली तर बीजाणू मेले. पिवळी झाली तर जिवंत, म्हणजे सामान निर्जंतुक झालंच नाही. थोरलीच्या हातची कुपी एकोणीस वर्षांत एकदाही पिवळी झाली नव्हती.

धाकटीची झाली.

मंगळवारी ती बातमी ऐकून थोरलीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तोंडानं "अरेरे, होतं असं" म्हणाली, पण सुजलेल्या पायानं मेट्रनच्या खोलीचा जिना कसा चढली ते तिचं तिलाच कळलं नाही. मेट्रननी ते सगळं सामान परत मागवलं आणि थोरलीला पुन्हा परीक्षा घ्यायला लावली. बुधवारी तिची कुपी जांभळी. मेट्रन म्हणाल्या, "अनुभव तो अनुभव!" पदवी गेली चुलीत, थोरली मनात म्हणाली.

दुपारी तिनं जखमेवर मीठ चोळायला म्हणून विचारलं, "अगं, ठेवली तरी कुठे होतीस कुपी?"

"खालच्या खणात, पाणी जायच्या जाळीपाशी," धाकटी रडवेली होऊन म्हणाली. "थंड हवा खालीच साचते ना, म्हणून सगळ्यात कठीण परीक्षा तिथेच. पण खण मीच ठासून भरला असणार, ताई."

 थोरली स्वतः कुपी ठेवायची वरच्या खणात, अगदी दाराशी. पटकन काढता यावी म्हणून. तिला शिकवणाऱ्या जुन्या बाईही तिथेच ठेवायच्या. सगळ्यात जास्त वाफ जिथे लागते तिथे!

धाकटी घरी गेल्यावर तिनं खालचा खण बेताचा भरला. एक कुपी वर, एक जाळीपाशी. गुरुवारी संध्याकाळी वरची जांभळी निघाली, खालची पिवळीधमक. तिनं जाळी उपसून पाहिली, तर कापडांच्या धाग्यांनी पार बुजलेली. कधीपासून, देव जाणे. खालच्या खणातलं सामान तिनं ऑपरेशनला जाऊ दिलं नाही, "खण धुवायचाय" म्हणून रिकामा ठेवला. तेवढी लाज तिला होती. पण कुपी पदरात लपवून घरी नेली. एक दिवस, फक्त एक दिवस गप्प बसायचं. खुर्ची मिळाली की जाळी गुपचूप दुरुस्त करून घेऊ. कुणाला कळणार आहे?

शुक्रवारी दोघी मेट्रनसमोर उभ्या राहिल्या. थोरली तोंड उघडायच्या आधीच धाकटी म्हणाली, "मॅडम, चूक माझीच आहे. ताईंच्या हाताची सर मला नाही. जागा त्यांनाच द्या. मी त्यांच्या हाताखाली आनंदानं शिकेन."

मेट्रन उठल्या आणि चक्क धाकटीच्या पाठीवर हात ठेवला. "इतकं मोठं मन मी आजवर पाहिलं नाही," त्यांचा आवाज भरून आला होता. "बाई, नशीबवान आहात, अशी जाऊ मिळाली."

थोरलीच्या डोक्यात सणक गेली. पदवी हिची, रूप हिचं, सासूबाई हिच्या. आणि आता खुर्ची मला देऊन मोठेपणाही हीच नेणार? सासूबाईंना कळलं की वर्षभर हेच ऐकायचं, "धाकटीनं सोडली म्हणून थोरलीला मिळाली!" आणि तेही कशाच्या जिवावर? जी चूक हिनं केलीच नाही तिच्या! ती खुर्ची तिला एकदम नकोशी झाली.

तिनं पदराची गाठ सोडली आणि पिवळी कुपी मेट्रनच्या टेबलावर आपटली.

"ही खालच्या खणातली, परवा मी ठेवलेली," ती म्हणाली. "जाळी बुजलीय. मी इतकी वर्षं कुपी वर ठेवत आले, म्हणून कुणाला कळलं नाही. हिनं ठेवली ती बरोबर जागी ठेवली."

धाकटी पुढे आली. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "ताई, माझ्यासाठी तुम्ही..."

"तुझ्यासाठी?" थोरली कडाडली. "एकोणीस वर्षांची चूक आहे ती, माझी आहे. ती पण तुला देऊ होय?"