बासष्ट टक्के

"गाडी वजा कर, मंग सांग."

समोरच्याने कितीही मोठा आकडा सांगू दे, अप्पा हवेत हाताने काहीतरी बाजूला सारल्यासारखं करत आणि हे म्हणत. त्यांची सारी नोकरी पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर गेली. भरलेली गाडी काट्यावर चढते, रिकामी होऊन परत चढते, तेव्हा कुठे ऊस किती ते कळतं. निवृत्त होऊन शहाद्याला आमच्या गल्लीत राहायला आले, तरी तो काटा त्यांच्या डोक्यातून उतरला नाही.

लोणखेड्याला एका सोयरिकीच्या बैठकीत मुलाचा मामा भाच्याच्या पगाराचं कौतुक सांगत होता. मुलीकडून बसलेल्या अप्पांनी बशी खाली ठेवली. "गाडी वजा कर भो. मोटारसायकलना हप्ता काढ, मोबाईलना काढ. मंग पोऱ्या कितला उरस ते सांग." मामाने विषय पावसावर नेला. मुलगा मात्र मनापासून हसला, आणि त्या हसण्यावरच अप्पांनी सोयरीक पक्की करून टाकली.

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. एरवी आपण त्याला टाळतो आणि अडलं की त्याच्याच ओट्यावर जाऊन बसतो.

मी म्युच्युअल फंडाचा एजंट. अप्पांनी माझ्याकडे आधी एक लाख टाकले, तेही मी वर्षभर मागे लागल्यावर. दीड महिन्याने दुकानात आले. "कसं शे आपलं?"

मी मोबाईल पुढे धरला. ॲपमध्ये हिरव्या अक्षरांत 'वार्षिक परतावा' आणि त्याखाली बासष्ट टक्के.

आता ते ॲप काय करतं, ते मला तेव्हाही पक्कं माहीत होतं. पैसे कोणत्या तारखेला टाकले आणि आज त्यांचं काय झालं, एवढं ते बघतं. मग हीच चाल वर्षभर राहिली तर किती, असा दर काढतं. पैसे जुने असतील तर त्या आकड्याला अर्थ असतो. अप्पांच्या लाखावर दीड महिन्यात जेमतेम सहा हजार वाढले होते. ते ओढूनताणून वर्षाएवढे लांब केले, की होतात बासष्ट.

अप्पांनी चष्मा वर केला. "गाडी वजा करीसन?"

"हो अप्पा, वजा करूनच."

फंडाचा खर्च त्या आकड्यातून वजा झालेला होता. तेवढ्यापुरतं माझं बोलणं खरं होतं, आणि त्या आडोशाला मी उभा राहिलो. त्यांनी विचारलं होतं ते वेगळं होतं, हे मला कळत होतं.

चौथ्या दिवशी ते परत आले. चिंचपाड्याला त्यांची धाकटी बहीण असते, एकटी, निवृत्त नर्स. घरावरचे पत्रे काढून स्लॅब टाकायला तिने तीन लाख मुदतठेवीत ठेवले होते. अप्पांनी ती ठेव मोडायला लावली आणि पैसे स्वतःच्याच खात्यातून माझ्याकडे टाकले. "तिले सांगी दिधं मी. वर्षमा बासष्ट टक्का. मन्हा शब्द शे."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी फॉर्म भरला.

दोन महिन्यांत बाजार उतरला. अप्पा आले तेव्हा ॲपवर लाल अक्षरांत वजा एकतीस होतं. मी घाईघाईने म्हणालो, "अप्पा, घाबरू नका. हे वर्षाच्या हिशोबाने दाखवतंय. खरा तोटा सहाच टक्के आहे."

"म्हंजे थोडा दिवसनं ताणीसन वर्षनं करस हाई?"

"हो."

"आनि बासष्ट व्हतं, तवय बी ताणेल व्हतं?"

मी मान हलवली.

"मंग तवय काबर नही सांगं? मी इचारं व्हतं ना तुले."

खरं कारण एवढंच, की त्या महिन्यात मला कमिशन हवं होतं.

अप्पांनी मोबाईल माझ्याकडे सरकवला. मग अहिराणी सोडून स्वच्छ मराठीत म्हणाले, "सगळे पैसे काढायचे आहेत. सही कुठे करू?" ही मराठी ते कारखान्यातल्या साहेबांशी बोलायचे. माझ्याशी कधी बोलले नव्हते. त्यानंतर बोलले तेव्हा तीच.

गल्लीत मात्र त्यांनी माझं नाव कुणाजवळ काढलं नाही. मी येताना दिसलो, की ओट्यावरचे पाय आत घेत. बस.

वर्षाने त्यांची बहीण पेढे घेऊन माझ्या दुकानात आली. "दादा, अप्पा बोलला होता तसंच झालं. तुमच्याकडून पैसे आले म्हणाला, अन् बासष्ट टक्क्यांनी मोजून दिले. पत्रे गेले बघा एकदाचे."

माझ्याकडून अप्पांना काय गेलं होतं ते मला माहीत होतं. वरचे दोन लाख कुठून आले, हेही मला विचारावं लागलं नाही. माझा खोटा आकडा त्या माणसाने पदरचे पैसे घालून खरा केला होता. मी पेढा घेतला. खाल्लाही.

यंदा दिवाळीनंतर अप्पा गेले. मी खांदा द्यायला पुढे झालो नाही, मागे चालत राहिलो.

काल त्यांच्या बहिणीचा फोन आला. अप्पांच्या मागे थोडे पैसे तिच्या नावावर आलेत. "तुमच्याकडेच टाकते, दादा. अप्पाचा दुसऱ्या कोणावर भरवसा नव्हता."

खरं सांगितलं, तर अप्पांनी एवढी किंमत मोजून राखलेला शब्द तिच्यापुढे खोटा पडतो. नाही सांगितलं, तर पुन्हा मी फॉर्म भरतो.

"ऐकू येतं ना? स्लॅबवर चढून बोलतेय. इथंच रेंज मिळते. मिरच्या वाळत घातल्यात, पाय ठेवायला जागा नाही."

"येतं," मी म्हणालो. "ताई, जरा मिरच्या बाजूला करा अन् तिथंच बसून घ्या."