अमेरिकेतल्या हॉटेलाचा शिक्का

तो गोल रबरी शिक्का अजून डोळ्यांसमोर आहे. मी तेव्हा रत्नागिरीत पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी संपली होती आणि बाजारातला शिक्के बनवणारा दुकानदार दारात घुटमळत उभा होता.

"साहेब, एक गंमत सांगू? अमेरिकेतल्या हॉटेलाचा शिक्का कोण रत्नागिरीत बनवून घेतो?"

शिक्का बनवून घेणारा मिरजोळ्याजवळ परदेशी व्हिसाचं काम करणारा एजंट होता. दोन पंच घेऊन आम्ही त्याच्या कार्यालयात गेलो. तिथे तो शिक्का, कोरी लेटरहेड्स आणि एका तरुण विवाहितेची फाईल मिळाली. पंचनामा करून सगळं जप्त केलं.

फाईलमधल्या मुलीला महिला हवालदारामार्फत बोलावलं. सोबत तिची सासू न बोलावता आली. बंदरावर मासे विकणारी बाई. टोपली बाहेर ठेवून सरळ माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"तिला काय इचारताव? मला इचारा. पैसे मी दिलेत."

"आई, तुम्ही गप्प बसा जरा," सून म्हणाली.

नवरा अमेरिकेत एका हॉटेलात स्वयंपाकी होता. त्याच्याकडे ग्रीन कार्ड होतं. लग्नानंतर सव्वीस दिवसांत तो परत गेला, त्याला दोन वर्षं झाली होती. बायकोला तिकडे न्यायचं तर तिला पोसण्याइतकं उत्पन्न आहे हे त्याने दाखवायचं होतं. ते कमी पडतं, असं अमेरिकेच्या व्हिसा कार्यालयाने कळवलं होतं. मग एजंटने तोडगा काढला: दुसऱ्या हॉटेलातल्या जादा नोकरीचं पत्र.

"ते दुसरीकडे काम करतात?" मी विचारलं.

ती बोटातली अंगठी फिरवू लागली. "नाही साहेब. पत्र आठ दिवस घरात आहे. पाठवायला धीर होत नाही."

मला हायसं वाटलं. ते पत्र गेलं असतं आणि खोटं ठरलं असतं, तर अमेरिकेचं दार तिला बहुधा कायमचं बंद झालं असतं.

तरी एक गोष्ट खटकत होती. एकट्या माणसाचा बरा पगार, तो कमी कसा पडतो? उत्पन्न दाखवायला त्याने भरलेल्या अर्जाची प्रत मी मागवली. कुटुंबातील व्यक्तींच्या रकान्यात आकडा होता आठ.

"आठ कोण?"

सासूने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "आमी दोघां, थोरला, त्याची बायको, दोन पोरां, ही, नि तो. रेशन कार्डावर हायत सगळी. बघा हवं तर."

मला माझा शिष्यवृत्तीचा अर्ज आठवला. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. मी काकांच्या बिऱ्हाडासकट अकरा माणसं लिहिली होती. गुरुजींनी शेजारी बसवून समजावलं, "बाळ, घरात कोण आहे हे त्यांना माहीत करून घ्यायचं नाही. वडिलांच्या पगारावर कायद्याने कोण अवलंबून, एवढंच." त्या अर्जावर माझं शिक्षण झालं.

नवऱ्याच्या अर्जासोबतचा सूचनांचा कागद मी दोनदा वाचला. तिथे मोजायची होती ती फक्त तो स्वतः, बायको, मुलं आणि त्याच्या अमेरिकेतल्या आयकराच्या करविवरणात अवलंबून दाखवलेली माणसं; माणसं जितकी जास्त, तितकं उत्पन्न जास्त लागणार होतं. नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला.

"करविवरणात आईवडील, भाऊ दाखवलेत का?"

"नाही साहेब. तिथे चालत नाहीत."

"मग या अर्जात कशाला लिहिले?"

"घरातली माणसं विचारली होती, साहेब. कुणाला वगळू?"

महिला हवालदार हसू लपवायला खिडकीकडे वळली.

त्याने तिकडच्या वकिलाला विचारून आकडा दुरुस्त केला. आठाचे दोन झाले आणि त्याचा खरा पगार पुरला. मुलीने खोटं पत्र पोलिसांत जमा करून फिर्याद दिली. एजंटवर गुन्हा दाखल झाला, शिक्केवाला साक्षीदार झाला.

तोवर बनावट कागद दिसला की मी आधी माणसाची लबाडी शोधायचो. त्यानंतर मी आधी विचारू लागलो, हा अर्ज याला कुणी नीट वाचून दाखवला होता का? मला माझे गुरुजी भेटले होते. या पोराला एजंट भेटला.

व्हिसा आला त्या दिवशी सासू पुन्हा ठाण्यात आली. सून घरी बॅग भरतेय, म्हणाली. मग जरा दबकत विचारलं,

"साहेब, तुमी कागदावर दोनच ठेवलीत. पण घरात आमी आठच ना?"

"आठच, मावशी," मी म्हणालो. "त्यात काही खाडाखोड नाही."