गाठीच्या साच्यात चॉकलेट

बाळांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही होळीच्या गाठ्या गळ्यात घालून दाखवल्यात आणि थोरलीने विचारलं, "आजी, या वर्षी गाठी मागून सपाट का आहे?" मी म्हणाले, "साचा बदलला." तेवढ्यात तुमची शाळेची बस आली आणि विषय तिथेच राहिला. माझं उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. पुढच्या रविवारी तुम्ही हाच प्रश्न अक्कांना विचाराल आणि त्या मला सांभाळून घेऊन काहीतरी सांगतील. त्यांनी पुन्हा मला सांभाळून घ्यावं, हे मला नको आहे. म्हणून आधी मीच लिहिते. बाबांकडून वाचून घ्या. अडेल तिथे त्यांना थांबवून विचारा.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, तुमची मोठी आजी. पुसदला आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत. मधल्या भिंतीत एक दार आहे, ते दिवसा कधी लागत नाही. अक्कांचं माहेर आर्णीचं. त्यांचे वडील हलवाई होते. दर होळीला ते साखरेच्या गाठ्या पाडत आणि ते गेल्यावर त्यांचा सागवानी साचा अक्कांकडे आला. एकावर एक बसणाऱ्या दोन फळ्या. दोन्हींत कोरलेलं, एकीत फूल, कैरी आणि चांदणी, दुसरीत त्याच जागी पोपट, मासा आणि पान. मधे दोरा ठेवायचा, फळ्या सुतळीने बांधायच्या आणि वरून पाक ओतायचा. गार झाला की एका अंगाने फूल आणि दुसऱ्या अंगाने पोपट अशी पांढरीशुभ्र माळ निघते. आळीतल्या प्रत्येक लेकराच्या गळ्यात होळीला अक्कांची गाठी असतेच. बाजारातली गाठी घातलेलं लेकरू दिसलं तर अक्का त्याला हाक मारून आत घेतात आणि दुसरी घालून पाठवतात.

तुम्हालाही दर वर्षी त्यातलीच जाते. मागच्या वर्षी ती पोचल्यावर धाकट्याने कॅमेऱ्यासमोर धरून इंग्रजीत विचारलं होतं, "इज इट सोप?" तुझा काही दोष नव्हता रे. तुमच्या बाथरूममध्ये फुलाच्या आकाराचे साबण मीच पाहिले आहेत. पण मी हसले. चांगली मोठ्याने हसले. अक्का माझ्या शेजारीच बसल्या होत्या.

"काय म्हणून राह्यला तो?" त्यांनी विचारलं.

"म्हणतो, छान आहे."

"सोप मले समजते वो. साबणाच्या वडीच्या कागदावर लिहेल असते." एवढं बोलून त्यांनी पदर सावरला आणि तुला म्हणाल्या, "खाय बाप्पा, फेस नाही येत त्याले."

तुम्ही दोघं हसलात, त्याही हसल्या. त्यानंतर आमच्यात हा विषय कधी निघाला नाही. मला मात्र तो रोज आठवायचा. तुमची आई पुढे म्हणाली की मुलं गाठी खात नाहीत, फार गोड लागते, शोसाठी ठेवली आहे. हे मी अक्कांना सांगितलं नाही.

चॉकलेटचं वेड मला निवृत्तीनंतर लागलं, हे तुम्हाला माहीत आहे. गेल्या डिसेंबरात तुमच्या नाताळच्या सुट्टीसाठी डबा पाठवायचं ठरलं होतं. समोरच्यांची सून तिकडे परत निघाली होती, ती नेणार होती. आमच्याकडे चॉकलेटचं काम फक्त थंडीत होतं. फेब्रुवारी संपला की ओट्यावर ठेवलेलं चॉकलेट गोठत नाही. मी स्वच्छ कापसाने प्लॅस्टिकचे साचे पुसून ठेवले, रंगीत कोको बटरच्या वाट्या गरम पाण्यात ओळीने मांडल्या, ब्रश जाडीप्रमाणे लावले. या कामात सगळं उलटं असतं. जे शेवटी वर दिसायचं ते साच्यात आधी रंगवायचं. डोळा आधी, अंग मागून. अंग आधी रंगवलं तर डोळा आत बुडतो.

मला वाटलं, गाठीच्याच साच्यात चॉकलेट पाडावं. हिरवा पोपट, लाल चोच, पिवळं फूल. तुम्ही ते आवडीने खाल, अक्कांच्या साच्याचं म्हणून खाल, आणि तो साबण एकदाचा धुऊन निघेल.

अक्कांना विचारलं तर त्या एकदम खूश झाल्या. साचा धुवट फडक्यात गुंडाळून स्वतः घेऊन आल्या आणि पाटावर बसून रंगाच्या वाट्या बघू लागल्या. "हे तं रांगोळीवानीच हाय. पण मले कर म्हणशीन तं मी आधी पोपटच काढीन, डोळा मागून. सवय कशी जाईन?"

"म्हणूनच डोळा मी काढते, अंग तुम्ही भरा."

"म्हणजे मोठं काम माह्याकडे अन् नाव तुयं," त्या म्हणाल्या, आणि लागलीच, "साचा रातभर भिजवून ठेवजो. तसाच नको वापरू."

आता इथे लक्ष द्या. पाकासाठी लाकडी साचा भिजवावाच लागतो. कोरडा असला तर साखर लाकडाला धरते. चॉकलेटचं बरोबर उलटं आहे. पाण्याचा थेंब लागला तरी ते घट्ट होतं, रवाळ होतं, कामातून जातं. हे मला पक्कं माहीत होतं. मी एवढंच म्हणाले, "अक्का, चॉकलेटला पाणी चालत नाही म्हणतात."

"लाकूड हाय ते, प्लॅस्टिक नाही. माह्या बापाचा साचा हाय, मले माहीत नसंन काय?"

मी पुढे बोलले नाही. साबणाच्या प्रसंगानंतर पुन्हा त्यांना दुखवायचं माझ्या जिवावर आलं. त्यांचं ऐकणं म्हणजे त्यांना मान देणं, असं मी स्वतःला सांगितलं आणि साचा घमेल्यात भिजत घातला.

सकाळी आम्ही तो पुसला. हाताला कोरडा लागत होता, पण लाकूड आतून ओलं होतं. कोको बटर त्याच्यावर ठरेना. पोपटाचा डोळा ओघळून चोचीत गेला. अक्का म्हणाल्या, "रडून राह्यला बिचारा." मी चॉकलेट ओतलं. कडेकडेने ते लगेच गचगचीत झालं, ओल्या मातीसारखं. फ्रीजमधून काढल्यावर फळ्या एकमेकींपासून सुटेनात. सुटल्या तेव्हा फुलाच्या फळीतलं सगळं ओढलं जाऊन पोपटाच्या फळीतच गच्च बसलं होतं. चॉकलेट खाचेखाचेत रुतलं होतं.

अक्कांनी नखाने एक खाच टोकरून पाहिली. "राहू दे," त्या म्हणाल्या. "जेवून येतो, मंग पाहू. काडीनं काढू सावकाश."

त्या गेल्या आणि माझ्याने राहवलं नाही. घाण भांडं समोर ठेवून मी जेवू शकत नाही, तुमच्या आजोबांनी या सवयीवर किती विनोद केले असतील. मी पाणी उकळलं आणि पोपटाच्या फळीवर ओतलं. भांड्यांचा साबण घेतला, जुना दातांचा ब्रश घेतला आणि एकेक खाच घासून काढली. फळी स्वच्छ झाली. मला फार बरं वाटलं. मग ती लवकर वाळावी म्हणून गच्चीवर उन्हात ठेवली. डिसेंबरातलंही आमचं दुपारचं ऊन तुमच्या उन्हाळ्यापेक्षा कडक असतं. आदल्या दिवसापासून भिजलेलं लाकूड, त्यावर उकळतं पाणी आणि वर ते ऊन.

अक्का चहाच्या वेळी आल्या. आम्ही दोघी गच्चीवर गेलो. फळी मधोमध उभी तडकली होती. चीर पोपटाच्या मानेतून माशापर्यंत गेली होती आणि तिच्यातून खालची फरशी दिसत होती.

अक्कांनी ती उचलली नाही. वाकून वास घेतला. "साबणानं धुतला वाटते."

"हो."

"बरं." मग स्वतःशीच बोलल्यासारखं त्या म्हणाल्या, "चूक माहीच हाय. मीच भिजव म्हटलं. चॉकलेट थोडीच पाक हाय. मले काय समजते त्यातलं."

हे मला ऐकवेना. त्यांच्या वडिलांची वस्तू मी तडकवली होती आणि दोष त्या स्वतःकडे घेत होत्या. मी म्हणाले, "नाही अक्का. पाण्याने चॉकलेट बिघडणार, हे मला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं?"

"हो."

"नक्की?"

"नक्की."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

त्या सरळ उभ्या राहिल्या. आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "मले लहान पोरीवानी समजते काय वो तू? सोप म्हणलं तं छान हाय म्हणून सांगतलं. आता हे. माह्या तोंडावर म्हणायचं ना, म्हातारे, तुले समजत नाही, चूप बस. मी भांडली असती. दोन दिवस बोलली नसती. साचा तं राह्यला असता."

तडकलेली फळी आणि फुलाची चांगली फळी, दोन्ही फडक्यात बांधून त्या घेऊन गेल्या. मधलं दार त्यांनी आपटलं नाही, नेहमीसारखं नुसतं लोटलं. चाळीसेक वर्षं मी शाळेत मुलांना शिकवलं की शंका असेल तर हात वर करा. मला तर शंकाही नव्हती, पक्की माहिती होती.

तुम्हाला नाताळात मिळालेली चॉकलेटं मी एकटीने प्लॅस्टिकच्या साच्यात केली. तारे, घंटा आणि तो बर्फाचा माणूस. चकाकी छान आली होती. तुम्ही कॉलवर "थँक यू, दोन्ही आजी" म्हणालात आणि मी ते दुरुस्त केलं नाही. अक्का त्या दिवशी आल्या नव्हत्या. डब्यावर दोघींचं नाव मीच लिहिलं होतं. त्यांना न विचारता लिहिलं होतं, तेही आता खटकतं.

तडकलेली फळी सुताराला दाखवली. तो म्हणाला, चिकटवून देतो, पण गरम पाक ओतला की डिंक सुटेल. नवा कोरून देईल असा माणूस आमच्याकडे कोणाच्या माहितीत नाही. नागपूरहून सिलिकॉनचा साचा मागवू का, असं मी एकदा अक्कांना विचारलं. "तुह्यासाठी मागव," त्या म्हणाल्या.

होळीच्या आधी त्यांनी हाक मारली. चुलीवर साखर चढवली होती, फुलाची फळी भिजवून पुसून समोर ठेवली होती. एकाच फळीत गाठी पाडायची, वरून दोरा दाबायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. मला दोरा धरायला बसवलं. पळीतून पाक टाकून बघत त्या म्हणाल्या, "झाला काय?"

मला तो कच्चा वाटत होता. मी गप्प होते.

"बोल ना. पुन्हा मुकी झाली काय?"

"कच्चा आहे."

"नाही, झाला."

"अक्का, कच्चा आहे. दोरा बुडेल."

"डोळ्यांचा नंबर वाढला तुया," असं म्हणून त्यांनी पाक ओतला. पहिल्या माळेचा दोरा बुडाला. त्यांनी पाक पुन्हा चुलीवर ठेवला आणि मला म्हणाल्या, "सांगजो आता कधी ते." पुढचे सगळे घाणे आम्ही भांडत भांडत केले. आळीतल्या एका मुलीने माळ उलटी करून पाहिली आणि पोपट कुठे गेला म्हणून विचारलं. अक्कांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "उडाला." मला तिथून उठून जावंसं वाटलं.

तुमच्या गाठ्या त्याच दिवशीच्या आहेत. खाव्याशा वाटल्या तर खा, नाही वाटल्या तर तसं अक्कांना स्पष्ट सांगा.

फुलाची फळी शाबूत आहे. तिच्यात फूल, कैरी आणि चांदणी अजून स्वच्छ उठतात. ती अक्कांच्या कपाटात असते.

— आजी