'सुट्टी' लिहिलेलं पान

सरांच्या अभिनयाच्या वर्गाच्या सतरा वह्या माझ्याकडे आहेत. अकरा वर्षं मी त्यांची सहायक होते. पुरानी बस्तीतल्या त्यांच्या घरी दर रविवारी सकाळी वर्ग भरायचा आणि मी दाराशी चटईवर बसून त्यांचा शब्द न् शब्द उतरवायची. मधे कुणी खुसफुसलं की डोळे वटारायची. "दीदी सब लिख लेती हैं," पोरं म्हणायची, आणि मी मनातल्या मनात फुगायची.

मागच्या वर्षी सरांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, वर्ग बंद पडला. मग एक दिवस सरांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, फोन आला. "वह्या घेऊन ये गं. तू वाच, पोट्टे शिकतील. हे नुसते भिंतीकडे पाहून राहिले, मले पाहवत नाही." सरांचं शिकवणं आता फक्त माझ्या वह्यांत उरलं होतं. आणि मेलं खरं सांगते, मला त्याचा आनंदच झाला.

दोन रविवार मी वाचलं. सर खुर्चीत बसून मान हलवायचे, जुनी मंडळीही परत येऊ लागली. तिसऱ्या रविवारी सरांनी डाव्या हातानं वही मागितली. बराच वेळ पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं. त्या पानावर तारखेखाली एकच शब्द होता: सुट्टी.

त्या रविवारी सुट्टी नव्हतीच.

सरांची एक रीत होती. संवादाला हात लावायच्या आधी प्रत्येकानं आपल्या घरातलं काहीतरी न बोलता करून दाखवायचं. त्या दिवशी उरला भागातल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमधले एक भैया, शिफ्ट संपवून तसेच आलेले, मानेवर काजळी, उठले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. बस, इतकंच. मग मी उठले. आईचं शेवटचं आजारपण केलं. आठवडाभर आरशासमोर तयारी केली होती, डोळ्यांतून घळाघळा पाणी काढलं. सर म्हणाले, "बाई, तू आई नाही दाखवून राहिली. तू किती छान रडते, ते दाखवून राहिली. या भैयाकडून शीक." आणि पुढचा तासभर ते त्या पाणी पिण्यावरच बोलले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच्याकडून? मी बी.ए. झालेली, इतकी वर्षं वह्या भरणारी, आणि हा बीरगांवचा मजूर! पेनाला टोपण लावून मी तशीच बसून राहिले. त्या तासातलं एकही वाक्य कानात शिरलं नाही. घरी येऊन वहीत लिहिलं, सुट्टी. लिहिताना बरंसुद्धा वाटलं मला.

आता तेच भैया मागून वाकून म्हणाले, "दीदी, उस दिन तो क्लास हुई थी. मैंने पानी पिया था."

"असेल. मला आठवत नाही," मी म्हटलं. सरांच्या समोर, धडधडीत खोटं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताचा पसा केला आणि तोंडाकडे नेला. उजवा हात मांडीवरून हलला नाही, ओंजळ काही होईना. त्यांच्या घशातून नुसता आवाज निघाला. मग ते त्या पानावर बोट आपटत राहिले. वाच, पुढचं वाच. पुढे वाचायला होतं काय, कपाळ माझं!

"सर, सुट्टी नव्हती," मी म्हटलं. "मले राग आला होता, म्हणून मी लिहिलंच नाही."

काकू दारात ट्रे घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच राहिल्या. सरांनी डोळे मिटून घेतले. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी भैयांकडे वळले. "भैया, आपको तो याद होगा. सर क्या बोले थे उस दिन? बताइए ना, मैं अभी लिख लेती हूँ."

भैया गोंधळले. बिचाऱ्यांनी खूप आठवून पाहिलं.

"हव दीदी, बहुत अच्छी बात बोले थे, पूरा घंटा बोले थे. पर आप तो सब लिख लेती हैं ना, इसलिए हमने याद नहीं रखा."