ठमीच्या पिशवीतला बाळकृष्ण

पत्नी गेल्यापासून देवाशी माझं बोलणं बंद होतं. पूजा करायचो, पण ती केवळ तिच्या शब्दाखातर. जाताना तिने दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: बाळकृष्णाला रोज आंघोळ घालायची आणि ठमीला, म्हणजे आमच्या मांजरीला, कधी सोडायचं नाही. कर्जतचं घर बंद करून मी बंगळुरूला मुलीकडे कायमचा निघालो तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, ठमीला शेजाऱ्यांकडे ठेवा." मी म्हटलं, मग मलाही तिथेच ठेव.

विमान कंपनीला फोन केल्यावर कळलं की माणूस आधारकार्डावर जातो, मांजरीला मात्र फाईल लागते. रेबीजच्या लसीची नोंद, प्रवासाला योग्य असल्याचा डॉक्टरांचा दाखला, हवा खेळेल अशी जाळीची मऊ पिशवी, आणि मुख्य म्हणजे पिशवीसकट वजन सात किलोच्या आत. खालापूरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी ठमीला जसा दाखला दिला तसा मला आयुष्यात कुणी दिलेला नाही. पिशवीची सवय आधीपासून लावा, असंही त्यांनी बजावलं. महिनाभर झटलो. बाईसाहेब पिशवीत शिरायच्या फक्त आरतीच्या वेळी, तेही पिशवी देव्हाऱ्यासमोर असली तर. पत्नी होती तेव्हापासून देव्हाऱ्यासमोर ही ठमीची ठरलेली जागा. शेवटी पिशवीत पत्नीची जुनी साडी अंथरून वाण्याच्या काट्यावर ठमीचं पिशवीसकट वजन केलं. सव्वासहा किलो भरलं आणि मी निश्चिंत झालो.

निघायच्या सकाळी गाडी दारात आली, तरी ठमी पिशवीत जाईना. तेव्हा मला एक युक्ती सुचली. दीड किलोचा आमचा भरीव पितळी बाळकृष्ण मी त्याच साडीत गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवला. ठमी मुकाट्याने आत जाऊन त्याच्यावर पसरली. विमानतळ येईपर्यंत मी स्वतःच्या हुशारीवर खूश होतो.

काउंटरवरच्या मुलीने पिशवी काट्यावर ठेवली. पावणेआठ. "सॉरी सर, हिला आत नाही नेता येणार," ती म्हणाली. मांजर दीड किलोने वाढली कधी, काही कळेना. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण खरं सांगतो, देवालाही वजन असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बाकावर बसलो, डोळे मिटले आणि कित्येक महिन्यांनी मनापासून हाक मारली. बाळकृष्णा, तिला दिलेला शब्द मोडायला लावू नकोस, काहीही करून हिचं वजन उतरव. ज्याला सांगत होतो तो ठमीच्या पोटाखाली होता.

"काय झालं, बाबा?" फरशी पुसणारी एक बाई समोर उभी होती. मी सगळं सांगितलं. कर्जतचं नाव ऐकून म्हणाली, "मी बी तिकडचीच हाय, चौकची." मग पिशवी उचलून तिने तळ चाचपला. "मांजर तर येवढीशी हाय. खाली कडक काय लागतंय?"

"बाळकृष्ण," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझी मलाच लाज वाटली.

ती हसली नाही, हे तिचे उपकार. "मंग देवाला तुमच्या मांडीवर घ्या ना. तो काय पळून जातोय?"

साडी ठमीपाशीच राहू दिली, देव माझ्या झोळीत आला. पुन्हा वजन केलं, सव्वासहा. मागे वळलो तर बाई नव्हती. बादली घेऊन दुसरीकडे पुसायला गेली असेल. तिचं नाव विचारायचं राहून गेलं, त्याची चुटपुट अजून आहे. तिला मनोमन रोज हात जोडतो.

विमानात ठमी पायाशी साडीत तोंड खुपसून झोपली आणि बाळकृष्ण माझ्या मांडीवर बसला. माझं ओझं तू घे, असं पत्नी त्याला रोज म्हणायची. मला ते कधी जमलं नाही. त्या दिवशी त्याचंच ओझं घेऊन बसलो, पाय अवघडले, तरी खाली ठेवलं नाही. दीड तास दोघं बोलत होतो. म्हणजे मीच बोलत होतो, तिच्याबद्दल. तो ऐकत होता.